मी लिसका, आणि दोन मेहुण्यांचा अबोला

मी लिसका बोलतेय. नावावरून तुम्हाला मी गाय वाटले असेन, तर तुमची काही चूक नाही. आमच्या दरीत कपाळावर पांढरा टिळा असलेल्या गाईला लिसका म्हणतात. मी मात्र आहे आठ सीटची पिवळी गाडी. माझ्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, पूर्वी एका बेकरीच्या पावाचं चित्र होतं. ते खरवडून काढताना खालचा रंगही निघाला आणि पांढरा डाग राहिला तो राहिलाच. पोलोनाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, ही तर लिसकाच!" झालं माझं बारसं.

माझा जन्म दूरच्या सपाट मुलखातल्या एका कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. एका माणसाने माझं दार तीनदा आपटून पाहिलं आणि मान डोलावली, एवढंच आठवतं. पुढची सात वर्षं मी बेकरीत नोकरी केली. पहाटे गरम पावांचे ट्रे पोटात घेऊन मी गावोगाव फिरायचे. अजूनही ऊन तापलं की मागच्या सीटवरची माणसं म्हणतात, "का कोण जाणे, एकदम भूक लागली." मी गालातल्या गालात हसते.

बेकरीनंतर मी एका नळदुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याची पाठ धरली, काम सुटलं आणि मी त्याच्या परसात आलुबुखाराच्या झाडाखाली उभी राहिले. दोन वर्षं माझ्यात कोंबड्या राहत होत्या. लाज कसली त्यात? कोंबड्या सभ्य होत्या. रोज एखाददुसरं अंडं द्यायच्या, आणि माझ्या आतल्या वासाबद्दल कधी कुणी नाक मुरडलं नाही. पण गाडीच्या जातीला उभं राहणं सोसत नाही. आपण जिवंत आहोत की भंगार आहोत, हेच मला कळेनासं झालं होतं.

तिथून मला पोलोनाने सोडवलं. ती शाळेत इतिहास शिकवायची. गावात मुलं कमी झाली, दोन शाळांची एक शाळा झाली आणि पोलोना जादा ठरली. "नोकरी गेली, पण इतिहास सांगायची खोड कुठे जाणार?" असं म्हणत तिने मार्गदर्शकाची परीक्षा दिली. माझ्या दोन्ही कुशींत खिडक्या कापून घेतल्या, आठ सीटा बसवल्या आणि धंदा सुरू केला. एका दिवशी एकच कुटुंब. सकाळी आठला दारात, संध्याकाळी सहाला पुन्हा दारात. मधल्या वेळात आल्प्सचे डोंगर, व्हर्शिचची खिंड, पलीकडची सोचा नदी, आणि पोलोनाची अखंड बडबड.

चौदा वर्षं झाली आता. माणसं मी पाठीवर नाही, पोटात वाहते, म्हणून मला त्यांच्या पोटातलं जास्त कळतं. नवरा-बायको खिंडीच्या अकराव्या वळणापर्यंत एकमेकांशी गोड असतात. तिथे एकाला मळमळतं आणि दुसरा म्हणतो, "सांगितलं होतं, सकाळी एवढे सॉसेज खाऊ नकोस." लहान मुलं नदीचा रंग बघून गप्प होतात. मोठी माणसं मात्र तिचा फोटो काढून मग फोटोच बघत बसतात. म्हाताऱ्यांना पुढची सीट हवी असते आणि ती मागायची नसते. ते नुसते पुढच्या दारापाशी उभे राहून आभाळाकडे बघतात.

पण मला सांगायची आहे ती गेल्या सप्टेंबरातली एक सहल. त्या दिवशी माझ्यात कुणी पाहुणे नव्हते. आमच्याच दरीतली तीन म्हातारी माणसं होती.

त्यातली मुख्य आन्च्का. तिला त्या दिवशी सत्तर पूर्ण झाली होती. दुसरा लोव्रो, तिचा नवरा, उंच, वाळका, पूर्वीचा पोस्टमन. तिसरा गाश्पर क्रावान्या, तिचा धाकटा भाऊ, गोलमटोल सुतार, एकटा जीव, दोन घरं सोडून राहणारा. म्हणजे लोव्रो आणि गाश्पर सख्खे मेहुणे. आणि या मेहुण्यांचा एकोणीस वर्षं अबोला होता.

अगदीच बोलत नव्हते असं नाही. त्याहून वाईट होतं. ते एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. लहानपणी एका झाडावरची सफरचंदं चोरलेली माणसं ही! आमच्याकडे घरच्या माणसाला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून घेण्यासारखं असतं.

भांडणाचं कारण सगळ्या दरीला ठाऊक आहे. हे दोघं डोंगरवाटांवर खुणा रंगवायचे. दगडांवर, झाडांवर लाल वर्तुळ आणि त्यात पांढरा ठिपका. ती खूण दिसली की वाटसरूला कळतं, आपण बरोबर चाललोय. गिर्यारोहण मंडळातलं हे बिनपगारी काम, पण मानाचं. गाश्पर पुढे चालून वाट धरायचा, लोव्रो मागून ब्रश चालवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी दाट धुकं पडलं. दोघांनी त्या धुक्यातही काम उरकलं आणि घरी आले. आठवड्याभराने कळलं की त्यांच्या नव्या कोऱ्या खुणा खिंडीकडे जातच नाहीत. त्या अर्ध्यात वळतात आणि नीट, अगदी सुबकपणे, एका मेंढपाळाच्या संडासाच्या दारात जाऊन संपतात.

तो सगळा उन्हाळा माणसं तिथे पोचत राहिली. मेंढपाळ आत बसलेला आणि बाहेर कुणीतरी दार ठोठावून विचारतंय, "शिक्का इथेच मिळतो का?" कारण आमच्याकडे डोंगर चढला की वहीत शिक्का मारून घ्यायची रीत आहे.

शरद ऋतूत मंडळाची सभा झाली. अध्यक्षांनी विचारलं, चूक कुणाची? लोव्रो म्हणाला, "गाश्पर पुढे होता, मी त्याच्या मागे रंगवत गेलो." गाश्परला विचारलं, वाट सोडून का वळलात? तो म्हणाला, "धुकं होतं." आणि वर म्हणाला, "ब्रश ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची." लोव्रो उठला. खिशातून ब्रश काढून त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आभारी आहे, श्रीयुत क्रावान्या. तुम्ही अगदी बरोबर बोललात." तेव्हापासून लोव्रोने ब्रश धरला नाही, आणि गाश्परला 'तू' म्हटलं नाही. गाश्परही मग 'तुम्ही'वर आला. विळ्या-भोपळ्याचं सख्य बरं म्हणायची वेळ आली.

यात भरडली गेली ती आन्च्का. म्हणून सत्तरीला मुलांनी "काय हवं?" विचारल्यावर ती म्हणाली, "पोलोनाची गाडी एक दिवस. आत मी आणि हे दोन बैल. घरी बोलायला बसवलं की एक जण मागच्या दाराने निसटतो. चालत्या गाडीतून कुठे जातील?"

सकाळी आठला मी त्यांच्या दारात उभी राहिले. लोव्रो पुढच्या दारापाशी आभाळ बघत होता. गाश्पर सरळ मागच्या टोकाच्या सीटवर जाऊन बसला. आन्च्का मधे. बसल्या बसल्या तिने पिशवी मांडीवर घेतली आणि जाहीर केलं:

"दोघंही ऐका. आज तुम्ही माणसासारखे बोलला नाहीत, तर येत्या ईस्टरला मी त्रिएस्तला बहिणीकडे जाणार. हॅम नाही, अक्रोडाची पोळी नाही, काही नाही. आपापली अंडी आपापल्या घरी उकडा."

"पोलोनाबाई," लोव्रो काचेतून समोर बघत म्हणाला, "मागच्या सद्गृहस्थांना सांगा, खिडकी लावून घ्या. माझ्या मानेला वारा लागतोय."

"पोलोनाबाई," मागून आवाज आला, "पुढच्या सद्गृहस्थांना सांगा, मान आत घ्या."

पोलोनाने मला पहिल्या गिअरमध्ये टाकलं आणि सुस्कारा सोडला. तो इतका मोठा होता की माझी काच धुरकटली.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की आम्ही कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. न्यायाधीश असो, पाद्री असो, शस्त्रक्रिया करणारा मोठा डॉक्टर असो, वर सगळे 'तू'. खाली आलं की पुन्हा ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला. आणि खिंडीच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला पाटी आहे. वळणाचा नंबर आणि उंची. त्यामुळे हजार कुठे ओलांडले, याबद्दल कुणाला वाद घालता येत नाही.

आन्च्काचा सगळा हिशेब या पाटीवर होता. हे दोघं हाडाचे डोंगरवाले. मरतील, पण हजाराच्या वर 'तुम्ही' म्हणणार नाहीत.

वळणांवरचे दगडी चौकोन माझ्या चाकांखाली टडटड वाजू लागले. पाटी आली, गेली. पोलोना लगेच सूर बदलून म्हणाली, "काय लोव्रो, पाणी हवंय का तुला?" लोव्रोने मान हलवली. आन्च्काने मागे वळून बघितलं, पुढे बघितलं. कुणी बोलेना.

आम्ही सगळ्याजणी एक गोष्ट विसरलो होतो. 'तुम्ही' म्हणायची बंदी असली तरी 'तू' म्हणायची सक्ती नसते. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. रीतही मोडायची नाही आणि हारही मानायची नाही! मला इतका राग आला की मी तिसऱ्या गिअरला मुद्दाम एक हिसका दिला.

लाकडी चर्चपाशी आम्ही थांबलो. पोलोनाने नेहमीसारखं सांगितलं. पहिल्या महायुद्धात हा रस्ता कैद्यांकडून बांधून घेतला, दूर रशियातून आणलेल्या कैद्यांकडून. बर्फाचा कडा कोसळला आणि शेकडो माणसं त्याखाली गेली. जे वाचले त्यांनी हे छोटं चर्च बांधलं. बोलताना तिचा आवाज दर वेळी हळू होतो, आणि मीही इंजिन बंद असल्याचा फायदा घेऊन नीट ऐकते. लोव्रोने टोपी काढली. त्याच क्षणी गाश्परनेही काढली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घाईने टोप्या पुन्हा चढवल्या.

ते दोघं पायऱ्या चढून गेले, एक डावीकडून, एक उजवीकडून. आन्च्का माझ्या पायरीवर बसली.

"जमत नाहीये गं, पोलोना," ती म्हणाली.

"मावशी, अजून अख्खा दिवस पडलाय." पोलोना तिला वर चढल्यावरही मावशीच म्हणते. मावशी 'तू'मध्ये बसते, त्यामुळे रीत मोडत नाही.

"एकोणीस वर्षं एक नाश्ता मी दोनदा मांडते. ईस्टरला आठ वाजता नवऱ्यासाठी. तो खाऊन मागच्या दाराने मधमाश्यांकडे गेला की दहाला भाऊ येतो. आठ वाजता मी भावाची रिकामी खुर्ची बघत बसते आणि दहाला नवऱ्याची. माझं म्हणून जेवण कधी झालंच नाही. आता सत्तरी झाली. असे आणखी किती ईस्टर उरलेत माझे?"

 पोलोना तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं. वरच्या कड्यावर दगडात बाईचा चेहरा दिसतो, तो त्या दिवशी इतका स्वच्छ दिसत होता की नाकही मोजता आलं असतं. मेंढ्या रस्त्यावर पसरल्या होत्या. त्यातली एक येऊन माझा बंपर चाटू लागली. ती दर खेपेला चाटते, मी ओरडत नाही. माझ्यासमोरच, कुंपणापलीकडे, खानावळीची बाकं मांडलेली होती. तिघं आणि पोलोना तिथे बसले.

पोलोनाने मधोमध चहाची किटली ठेवली. डोंगरावरचा आमचा चहा गोड आणि भरपूर असतो. मग मी गाश्परची युक्ती पाहिली. तोंडात चहा असला की बोलावं लागत नाही! लोव्रो थोडा खोकला की हा कप उचलायचा. आन्च्काने डोळे वटारले की हा कप उचलायचा. पोलोना म्हणाली, "गाश्पर, तुला आठवतं का, तुम्ही दोघं..." की याने कप उचललाच. पाच कप मोजले मी. लोव्रोने तेवढ्या वेळात चीजचा एक तुकडा चौसष्ट वेळा चावला.

तेवढ्यात पलीकडच्या दरीतून धुकं वर आलं. आधी मेंढ्या दिसेनाशा झाल्या, मग दगडातली बाई, मग बाकं. पोलोनाने सगळ्यांना आत घेतलं, माझे दिवे लावले आणि आम्ही हळूहळू पलीकडच्या त्रेन्ता दरीच्या बाजूने उतरायला लागलो.  आन्च्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला वाटलं, संपलं. आता पाचसहाशे मीटर उतरलं की हजाराची पाटी येईल आणि हे दोघं सुटकेचा श्वास टाकून पुन्हा 'श्रीयुत' म्हणायला लागतील.

तिसऱ्या वळणानंतर मागून बारीक आवाज आला. "पोलोना, जरा थांबव."

"काय झालं गं... काय झालं रे गाश्पर?"

"काही नाही. चहा."

पोलोनाने मला कडेला घेतलं. गाश्पर उतरला आणि माझ्या दिव्यांच्या उजेडातून धुक्यात चालू लागला. एका दगडापाशी थांबला, मागे वळून बघितलं, पुढे गेला. दुसऱ्या दगडापाशी थांबला, वळून बघितलं, पुढे गेला. मग दिसेनासा झाला.

"किती लांब जातोय हा!" आन्च्का म्हणाली. "लहानपणापासून असाच. आई म्हणायची, आमच्या गाश्परला जायचं असलं की तो शेजारच्या दरीत जाऊन येतो."

लोव्रो समोरच्या काचेतून बघत होता. एकाएकी त्याचा उजवा हात गुडघ्यावरून वर उठला. त्याने हवेत एक गोल काढला. हात थोडा पुढे नेला, पुन्हा एक गोल काढला.

"आन्च्का," तो म्हणाला, "त्या दिवशी तू आम्हाला थर्मासमध्ये काय दिलं होतंस?"

"कुठल्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

"चहा. दोन लिटर."

"मी प्यायलो नव्हतो. माझे हात रंगाने भरले होते." लोव्रोने पट्टा सोडला. "मी एक थेंबही प्यायलो नव्हतो, आन्च्का!"

त्याने माझं दार उघडलं आणि टोपीशिवायच तो धुक्यात धावला. शहात्तर वर्षांचा माणूस, धावला! पुढचं मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. सगळ्या डोंगराला ऐकू आलं.

"गाश्पर! थांब तिथेच! एक पाऊल पुढे टाकू नकोस!"

"अरे थांबू कसा?" धुक्यातून केविलवाणा आवाज आला. "असं मधेच थांबता येतं का कुणाला?"

आन्च्काने पोलोनाचा दंड धरला. "'नकोस' म्हणाला," ती कुजबुजली. "ऐकलंस ना तूसुद्धा?"

दोघं वाट चुकू नयेत म्हणून पोलोना माझा भोंगा वाजवू लागली. माझा भोंगा काही मंजुळ नाही, पण त्या दिवशी मी तो मनापासून वाजवला. थोड्या वेळाने ते दिव्यांच्या उजेडात आले. गाश्पर पट्टा आवळत होता आणि लोव्रो त्याच्या पाठोपाठ हातवारे करत होता. माझ्या बंपरपाशी दोघं समोरासमोर उभे राहिले.

"त्या दिवशीही तू हेच करत होतास?"

"कुठल्या दिवशी?"

"गाश्पर!"

गाश्परने बुटांकडे बघितलं. "हो."

"मी तुझ्या मागे सत्तावीस खुणा रंगवल्या! सत्तावीस! एकेक दगड घासून, पुसून! आणि तू आडोसा शोधत होतास?"

"मला काय माहीत, वाट सोडली तरी तू मागे येतोयस? मी दर वेळी वळून बघायचो, तर धुक्यात कुणीतरी उभं! म्हणून मी आणखी पुढे जायचो!"

"तो मी होतो, गाढवा!"

"डोक्याला आन्च्काचा लाल रुमाल कुणी बांधला होता? मला वाटलं कुणी बाई आहे! शेवटी ते संडासाचं दार दिसलं, तेव्हा म्हटलं, देव आहे."

आत आन्च्का आधी नुसती थरथरली. मग तिने पिशवी तोंडावर दाबली. मग तिला ते आवरेना. ती इतकी हसली की माझे स्प्रिंगचे पाटे करकरले. पोलोनाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि भोंगा पुन्हा वाजला.

बाहेर मात्र हसणं नव्हतं.

"मग सभेत का नाही सांगितलंस?" लोव्रोने विचारलं. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"पहिल्या बाकावर पाद्री. शेजारी शाळेच्या बाई. मागे ऐंशी माणसं. मी काय उभं राहून सांगणार होतो? तोंडाला येईल ते बोलून गेलो. मग तू ब्रश टेबलावर ठेवलास. मला वाटलं, उठावं. नाही उठलो. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आलो होतो सांगायला. तू म्हणालास, 'काय काम आहे, श्रीयुत क्रावान्या?' मग माझी जीभच रेटेना."

"बत्तीस वर्षं मी त्या वाटा रंगवल्या. माझ्या खुणांवरून एक माणूस चुकला नव्हता."

"माहीत आहे."

"माझ्या नातवाला शाळेत संडासवाल्या आजोबांचा म्हणायचे."

"माहीत आहे रे." गाश्पर म्हणाला. "चूक माझी होती, लोव्रो. तेव्हाही आणि नंतरची एकोणीस वर्षंही. मी लाजेपायी तुला बुडवलं."

 लोव्रो येऊन पुढच्या सीटवर बसला आणि त्याने पट्टा लावला. गाश्पर मागे जाऊन बसला. पोलोनाने भीत भीत किल्ली फिरवली. आन्च्काचं हसू केव्हाच विरलं होतं.

आम्ही धुक्याच्या खाली आलो. पुन्हा ऊन, लार्चची झाडं, आणि खाली दरीत सोचा, हिरवीगार. एरवी इथे पोलोना नदीबद्दल, पलीकडच्या आघाडीबद्दल, खंदकांबद्दल सांगते. त्या दिवशी तिने नुसता गिअर उतरवला.

"वर काय, सगळेच तू म्हणतात," आन्च्का स्वतःशीच म्हणाली. "रीतच आहे ती. खाली काय म्हणतात ते बघायचं."

मला तिचं म्हणणं पटलं, आणि म्हणूनच भीती वाटली. अकराशे चाळीस. एक हजार नव्वद. पाट्या येत होत्या, जात होत्या. मी माझ्या आयुष्यात कधी इतकी हळू चालले नव्हते. मागची एक गाडी कंटाळून मला ओलांडून गेली. एक हजार वीस. पुढच्या वळणावर पाटीवरचा आकडा चार अंकांवरून तीन अंकांवर आला. कुणीच हललं नाही. पोलोनासुद्धा रस्त्याकडे बघायचं सोडून आरशात बघत होती. मीच जरा सांभाळून घेतलं.

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"गाश्पर," लोव्रो मागे न वळता म्हणाला, "ईस्टरला दहा वाजता येऊ नकोस."

आन्च्काने डोळे मिटले. 'नकोस' आलं होतं, पण ते असं येईल, हे तिला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

"बरं," मागून गाश्पर म्हणाला.

"आठला ये. दहापर्यंत हॅम गार होतं." लोव्रोने खाकरून घसा साफ केला. "आणि येण्याआधी घरीच 'जाऊन' ये. तुझी बहीण चहा फार पाजते."

 पोलोना रडत गाडी चालवत होती, जे नियमात बसत नाही. गाश्पर मागे रुमालात नाक शिंकरत होता. आन्च्काने पिशवीतून सफरचंद काढलं, चाकूने दोन फोडी केल्या. एक पुढे दिली, एक मागे दिली. मग थांबून तिने दुसरं सफरचंद काढलं आणि ते अख्खंच्या अख्खं स्वतः खाल्लं.

"आठ म्हणजे आठ," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "मी दोनदा मांडणार नाही."

ईस्टरला त्यांच्या घरी काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. पण मंगळवारी लोव्रो पोलोनाकडे आला होता. त्याच्या नखांत लाल रंग होता. मंडळाने ब्रश परत दिला का, असं पोलोनाने विचारलं, तर तो म्हणाला, "दिला. पण गाश्पर आता माझ्या मागे चालतो. पुढे नाही." आणि आन्च्काचं दोन किलो वजन वाढलंय, हेही त्यानेच सांगितलं.

माझं म्हणाल तर मी आता थकले आहे. चढावर धाप लागते, डाव्या बाजूचं सरकतं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. तपासणीला नेलं की तिथले लोक माझ्याखाली शिरून जीभ चुकचुक वाजवतात. कधीतरी पोलोना नवी गाडी घेईल, आणि मी तिला दोष देणार नाही. मला पुन्हा कोंबड्या मिळाल्या तर मी हसत ठेवून घेईन. पण अजून दोनचार उन्हाळे माझ्यात आहेत. तोवर या. नदी बघायला या, दगडातली बाई बघायला या. येताना ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्यालाही घेऊन या. भांडा, माझे पाटे मजबूत आहेत. मी फक्त एवढंच मागते. तुमच्या अबोल्यापायी घरात कुणीतरी एकाच जेवणाची पानं दोनदा मांडत असेल. ती स्वतः केव्हा जेवते, हे तिला एकदा विचारा.